चुणी, पेंड आणि कोंडा यांतील बुरशीचे विष

मक्याची किंवा भुईमुगाची मळणी आटोपली म्हणजे खळ्यावर मालाचे दोन ढीग होतात. टपोरा, स्वच्छ दाणा बाजाराच्या वाटेने जातो. काळपट, फुटका, किडका आणि चाळणीखाली पडलेला दाणा गुरांसाठी म्हणून कोपऱ्यात ठेवला जातो. गिरणीत, तेलाच्या घाण्यावर आणि डाळीच्या कारखान्यातही हेच घडते. माणसाने खावयाचा भाग एकीकडे होतो. टरफल, चुणी, कोंडा, पेंड हा भाग दुसरीकडे होतो आणि तो गव्हाणीत येतो. अन्न वाया घालवू नये ही आपली शिकवण जुनी आहे व ती चांगलीच आहे. पण या दुसऱ्या ढिगात काय काय गोळा होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

यासंबंधी प्रस्तुत लेखकाच्या हातून एक चूक घडली आहे, ती आधी सांगतो. परतीचा पाऊस लांबला होता. एका वयस्क शेतकऱ्याच्या खळ्यावरील मका दोनदा भिजला आणि व्यापाऱ्याने तो नाकारला. "साहेब, आता याचं काय करू?" असे त्यांनी विचारले. मी सांगितले, "चांगला वाळवा, भरडा काढा आणि जनावरांना घाला, पेंडीचा खर्च तरी वाचेल." त्यांनी तसेच केले. त्यांच्याकडे दोन संकरित गाई व एक कालवड होती. महिना-दीड महिन्यात कालवडीच्या अंगावरचे केस उभे राहिले, ती खाईना, शेण टाकताना कुंथू लागली आणि एके सकाळी मेलेली आढळली. गाईंचे दूधही उतरले होते. पशुवैद्यकांनी कालवडीचे पोट उघडून पाहिले तेव्हा काळीज फिकट व घट्ट झालेले होते. भरड्याचा नमुना तपासून आला, त्यात विषाचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. तोवर त्याच गाईंचे दूध घरातील नातवंडे पीत होती आणि उरलेले केंद्रावर जात होते. त्या गृहस्थांनी मला दोष दिला नाही. ते एवढेच म्हणाले, "दाणा तर मी कडक उन्हात वाळवला होता, साहेब."

त्यांनी खरोखरच वाळवला होता. वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, पण तिने तोपर्यंत तयार केलेले विष दाण्यातच राहते. पदवी घेऊन आलेल्या मला ही गोष्ट पुस्तकातून ठाऊक होती, परंतु खळ्यावर उभे असताना ती आठवली नाही.

हे विष कोणते?

धान्यावर अनेक जातींच्या बुरशा वाढतात. त्यांतील काही स्वतःच्या वाढीबरोबर विषारी द्रव्ये तयार करतात. आपल्याकडील उष्ण व दमट हवेत सर्वांत घातक ठरलेले विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते ॲस्परजिलस फ्लेव्हस आणि तिच्या जवळच्या जातींच्या बुरशीपासून तयार होते. बुरशीच्या नावातील अक्षरे घेऊनच विषाचे नाव बनले आहे. त्याचे अनेक प्रकार आहेत. बी-१ हा त्यांतील सर्वांत तीव्र. काळीज म्हणजे यकृत हे त्याचे मुख्य लक्ष्य. अल्प प्रमाणात दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास ते माणसात यकृताचा कर्करोग उत्पन्न करते, हे सिद्ध झाले आहे.

या विषाचा शोध लागला तोच मुळी पशुखाद्यामुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांच्या अवधीत टर्की जातीच्या पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिले मेली. रोगजंतू सापडेना. तेव्हा अज्ञात रोग या अर्थी त्याला 'टर्की एक्स' असे नाव देण्यात आले. शोधाअंती सर्व धागे एका ठिकाणी जुळले: पिलांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि तिच्यात बुरशीचे विष होते. पेंड हा भुईमुगाचा उपपदार्थ होय, हे येथे ध्यानात घ्यावे.

आपल्या देशातील दाखला याहून दुःखद आहे. १९७४ च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत आदिवासी वस्त्यांतून काविळीची साथ उठली. अवेळी पावसात भिजलेला मका लोकांच्या खाण्यात आला होता. अभ्यासलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने केलेल्या तपासात मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे कारण निश्चित झाले. घरातील तेच अन्न खाणारी कुत्रीही त्या काळात मेली होती. पुढे १९९५ साली दख्खनच्या पठारावर पावसात सापडलेली ज्वारी व मका खाऊन पोटदुखी व जुलाब यांचा उपद्रव झाला. त्या वेळी फ्युमोनिसिन हे निराळ्या बुरशीचे विष आढळले. म्हणजे काळ्या पडलेल्या ज्वारीबाबतही निर्धास्त राहता येत नाही. घोडी व खेचरे यांना तर फ्युमोनिसिनयुक्त मका जीवघेणा ठरतो, कारण त्यांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो.

उपपदार्थांतच अधिक का?

बुरशी आत शिरते ती फुटक्या, किडक्या, अपक्व दाण्यातून. मालाच्या एका पोत्यात बहुसंख्य दाणे निर्दोष असतात आणि थोड्याशा दाण्यांतच बरेचसे विष साठलेले असते. निवडताना व चाळताना हेच दाणे बाहेर निघतात. माणसाच्या ताटाच्या दृष्टीने ही गोष्ट उत्तम झाली. पण मूळ ढिगात विखुरलेले विष आता बाजूच्या छोट्या ढिगात एकवटले, आणि तो ढीग आपण जनावरांसाठी राखून ठेवला.

भुईमुगाचे उदाहरण घेऊ. शंभर किलो शेंगदाण्यांतून चाळीस-पंचेचाळीस किलो तेल निघते. अफ्लाटॉक्सिन तेलात फारच थोडे उतरते. बहुतांश पेंडीत राहते. निम्म्याच्या आसपास वजन निघून गेल्यावर उरलेल्या पेंडीत विषाचे प्रमाण दाण्याच्या जवळजवळ दुप्पट होणार, हे उघड आहे. शिवाय घाण्यावर जाणारा दाणा बहुधा खाण्यासाठी निवडून उरलेला असतो, हा भाग वेगळाच.

सरकीच्या पेंडीविषयी आपल्याकडे फार विश्वास आहे. सरकीची पेंड दुधाला चांगली, हे खरे. परंतु गुलाबी बोंडअळीने पोखरलेल्या बोंडात बुरशीला आयती वाट मिळते. बोंड उमलण्याच्या वेळी पाऊस लागला की कवडी कापूस निघतो. त्यातील सरकीही अखेर पेंडीतच येते.

मक्यापासून मद्यार्क काढल्यावर उरणारा वाळलेला चोथा हा पदार्थ अलीकडे पशुखाद्यात मोठ्या प्रमाणावर येऊ लागला आहे. व्यवहारात तो 'डीडीजीएस' या नावाने विकला जातो. पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या इथेनॉलसाठी, माणसाने खाण्यास अयोग्य ठरलेले धान्य वापरण्यास २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने मुभा दिली आहे. या प्रक्रियेत दाण्यातील पिठूळ भाग आंबून जातो व सुमारे तीन किलो मक्यामागे एक किलो चोथा उरतो. प्रथिने त्यात तिपटीने वाढतात, म्हणून तो स्वस्त व पौष्टिक वाटतो. पण आंबविण्याने किंवा ऊर्ध्वपातनाने हे विष नष्ट होत नाही; म्हणून तेही तिपटीच्या आसपास जाते. चोथा वाईट असे माझे म्हणणे नाही. चांगल्या धान्याचा चोथा उत्तम खाद्य आहे. मात्र तो कोणत्या धान्याचा, हे पोत्याकडे पाहून कळत नाही. तेव्हा तपासणीचा दाखला मागितल्यावाचून तो घेऊ नये.

गव्हाचा भुसा, तांदळाचा कोंडा, तूर व हरभऱ्याची चुणी यांत दाण्याचे बाहेरचे थर असतात, आणि बुरशीचा पहिला हल्ला तेथेच होतो. यांचा दुसरा दोष असा की बारीक असल्यामुळे ते हवेतील ओल झपाट्याने शोषून घेतात. पावसाळ्यात आठवडाभर उघड्या राहिलेल्या भुशाच्या पोत्यात हात घालून पाहावा. आत ऊब लागते व गुठळ्या हाताला येतात.

दुधात कसे उतरते?

गाईम्हशीच्या पोटात गेलेल्या बी-१ चा काही भाग यकृतात रूपांतर पावून एम-१ या नावाने दुधात येतो. खाद्य खाल्ल्यापासून साधारण एका दिवसाच्या आत तो दुधात दिसू लागतो. सामान्यतः शेकडा एक ते दोन भाग, आणि फार दूध देणाऱ्या गाईंत शेकडा सहापर्यंत, दुधात उतरतो. थोडा हिशेब करून पाहू. एका गाईला रोज पाच किलो खुराक मिळतो व त्याच्या प्रत्येक किलोत १०० मायक्रोग्रॅम बी-१ आहे असे समजा. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. रोज ५०० मायक्रोग्रॅम पोटात गेले. शेकडा दोन दुधात उतरले तर ते १० मायक्रोग्रॅम झाले. गाय दहा लिटर दूध देत असेल, तर प्रत्येक लिटरात एक मायक्रोग्रॅम पडला. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने दुधासाठी ठरविलेली मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. अर्थात हे दूध मर्यादेच्या दुप्पट सदोष ठरले. उलट भारतीय मानक ब्यूरोने तयार पशुखाद्यासाठी घातलेली किलोला २० मायक्रोग्रॅमची मर्यादा पाळली गेली, तर हाच हिशेब लिटरला ०.२ वर येतो.

आकडे सूक्ष्म आहेत म्हणून कोणी हसू नये. किलोला २० मायक्रोग्रॅम म्हणजे एका टनात अवघे २० मिलिग्रॅम, चिमूटभरही नव्हे. उपरोक्त प्राधिकरणाने २०१८ साली देशभर केलेल्या पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत एम-१ मर्यादेहून अधिक आढळले. आरोग्यास अपायकारक अशी भेसळ असलेले नमुने त्याच पाहणीत अवघे १२ होते. दुधात पाणी व पावडर शोधण्यासाठी आपण जेवढी धडपड करतो, त्याच्या चौथाई लक्ष जरी गव्हाणीकडे दिले तरी पुष्कळ काम होईल.

दूध उकळल्याने एम-१ जात नाही. हे विष मोडण्यास अडीचशे अंश सेंटिग्रेडच्या पुढची उष्णता लागते. चुलीवरील पातेल्यात ती कधीच येत नाही. याच कारणाने खुराक शिजवून घालण्याचाही या बाबतीत उपयोग नाही. दुधातील प्रथिनांना ते चिकटून राहते, त्यामुळे पनीरमध्ये त्याचे प्रमाण दुधापेक्षा वाढते. समाधानाची गोष्ट एकच: सदोष खाद्य बंद केले की तीन-चार दिवसांत दूध बहुतेक शुद्ध होते.

लक्षणे

मोठे जनावर बहुधा एकाएकी मरत नाही, आणि म्हणूनच रोग ओळखण्यास उशीर होतो. भूक मंदावते, दूध घटते, कातडीचे तेज जाते, गाय वेळेवर माजावर येत नाही. अंगची प्रतिकारशक्ती घटल्याने लस टोचूनही रोग होतो व कासेचे दुखणे वरचेवर उलटते. वासरे अधिक नाजूक असतात. ती खुरटतात, दात खातात, जुलाबाने व कुंथण्याने हैराण होतात, कधी गुदद्वार बाहेर येते. शेळ्या-मेंढ्या त्या मानाने तग धरतात. कोंबड्यांची पिले व त्याहूनही बदकांची पिले लवकर बळी पडतात. ही लक्षणे अन्य रोगांतही दिसतात, हे ग्रामकार्यकर्त्यांनी विसरू नये. निदान पशुवैद्यकांनीच करावयाचे असते. आपण एक प्रश्न मात्र जरूर विचारावा: "नवे पोते कधी फोडले?" दूध घटल्याची तारीख आणि पोते फोडल्याची तारीख जवळजवळ आल्या, तर संशयाला जागा आहे.

काय करावे?

खरा बंदोबस्त शेतातच सुरू होतो. शेंगा भरण्याच्या अखेरच्या दिवसांत भुईमुगाला पाण्याचा ताण पडला तर जमिनीतच बुरशी शेंगेत शिरते. पाण्याची सोय असेल त्यांनी या वेळचे एक पाणी चुकवू नये. काढणीच्या वेळी कुदळीने फुटलेल्या व वाळवीने खाल्लेल्या शेंगा तेव्हाच वेगळ्या कराव्यात. वेल ढीग करून ठेवण्याची घाई करू नये. शेंग हलविली असता आत दाणा खुळखुळला पाहिजे; शेंगांतील ओल शेकडा आठवर आली म्हणजे साठवण निर्धोक होते.

मक्याच्या बाबतीत माझा सर्वांत अधिक भर एका गोष्टीवर आहे. बुरशी आलेली कणसे यंत्रात टाकण्यापूर्वी हाताने वेचून काढावीत. कणीस अखंड असते तोपर्यंत दोष डोळ्यांना दिसतो. हिरवट, पिवळट किंवा काळी भुकटी कणसाच्या टोकाशी स्पष्ट असते. एकदा मळणी झाली की तो दोष शेकडो किलो मालात मिसळतो आणि मग त्याला शोधणे अशक्य होते. मका साठवणीसाठी ओल शेकडा बारापर्यंत आणावी. ओल मोजण्याचे यंत्र नसेल तर घरच्या घरी एक परीक्षा करता येते. कोरड्या काचेच्या बरणीत थोडे धान्य व त्यात चमचाभर पूर्ण कोरडे मीठ घालून बरणी खूप हलवावी. मीठ काचेला चिकटून राहिले तर ओल शेकडा पंधरापेक्षा अधिक आहे असे समजावे व धान्य पुन्हा उन्हात घालावे. मीठ चिकटले नाही म्हणून बारा झाली असे मात्र नव्हे. दाणा दातांखाली कटकन फुटतो की दबतो, हेही पाहावे.

चुणी, पेंड व भुसा पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच खरेदी करावेत. स्वस्त मिळते म्हणून आषाढात तीन महिन्यांची पेंड भरून ठेवणे हा व्यवहार शेवटी महाग पडतो. पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचावीत. घाण्यावरून आलेली पेंड गरम असताना प्लास्टिकच्या पोत्यात बांधू नये. आत घाम सुटतो. ताजा ओला चोथा आणला तर तो दोन दिवसांत संपवावा. गळक्या पत्र्याखालची जागा, कितीही सोयीची असली, तरी खाद्यासाठी नव्हे.

पेंड भिजवून आंबोण करण्याची आपली रीत चांगली आहे, पण भिजविण्याची घमेली कित्येक घरी आठवडाच्या आठवडा धुतली जात नाहीत. काठाला चिकटलेला कालचा थर आजच्या आंबोणात मिसळतो. गव्हाणीच्या कोपऱ्यांतही असेच कुजके खाद्य साचते. ते रोज खरवडून काढणे हे काम लहान मुलांवर न सोडता घरच्या मोठ्या माणसाने करावे.

बुरशी दिसली नाही म्हणजे विष नाही, असे समजता येत नाही. विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. बुरशी मरून गेल्यावरही ते उरते, आणि दळलेल्या मालात तर बुरशीची खूणही राहत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक बुरशी विषारी असते असेही नाही. तपासणीवाचून दुसरा निर्णय नाही.

"खराब माल चांगल्यात मिसळून हळूहळू संपवू" असे पुष्कळांचे म्हणणे असते. मी त्याच्या विरुद्ध आहे. एका पोत्याचे नुकसान टाळण्यासाठी दहा पोती संशयास्पद करून ठेवण्यासारखे ते आहे. गुठळ्या काढून टाकून उरलेले घालणे हेही तितकेच फसवे. उघड बुरशी आलेला माल खोल खड्ड्यात पुरावा. उकिरड्यावर टाकल्यास कोंबड्या व कुत्री तो उकरतात. हाताळताना नाकातोंडाला फडके बांधावे. गरीब शेतकऱ्याला हा सल्ला जड वाटतो, हे मी जाणतो. परंतु त्या मक्याची किंमत आणि एका कालवडीची किंमत यांचा हिशेब मी प्रत्यक्ष पाहिलेला आहे.

बाजारात विष शोषून घेणारी मिश्रणे मिळतात. बेंटोनाइटसारखी विशिष्ट माती पोटात विषाचा काही अंश बांधून ठेवते व दुधात उतरणारे प्रमाण घटविते. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ती खुराकात घालण्यास हरकत नाही. मात्र ती सर्वच विषे बांधत नाही, आणि सदोष मका गव्हाणीत घालण्याचा परवाना म्हणून तिचा उपयोग होऊ नये. शेतातील साधी माती तर मुळीच घालू नये.

संशय आल्यास त्याच दिवशी ते खाद्य बंद करून जनावरांना स्वच्छ वैरण व खात्रीचा खुराक द्यावा. चार दिवसांचे दूध घरी वापरू नये व केंद्रावरही घालू नये. हे सांगणे सोपे व पाळणे कठीण आहे. पण नातवंडांच्या पेल्यात काय जाते याचा विचार केल्यास कोणीही ते पाळील. उरलेले पोते फेकण्याची घाई न करता आधी नमुना घ्यावा, कारण पोते गेले की पुरावाही जातो.

नमुना घेताना एकाच जागेची मूठ उचलू नये. विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. एका कोपऱ्यात पुष्कळ व शेजारी अजिबात नाही, असे होते. निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून व तळाशी अशा वीस-पंचवीस मुठी काढाव्यात, सर्व माल एकत्र भरडून नीट मिसळावा व त्यातील एक किलो नमुना कागदी अथवा कापडी पिशवीत भरावा. प्लास्टिकची पिशवी वापरू नये, कारण वाटेतच आत ओल धरून बुरशी वाढते व निकाल चुकतो. पिशवीवर मालाचे नाव, खरेदीची तारीख, कोणत्या दिवसापासून किती जनावरांना घातला आणि पहिले लक्षण कोणत्या दिवशी दिसले, एवढे लिहून ती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत प्रयोगशाळेकडे पाठवावी. खरेदीची पावती व पोत्यावरील शिवलेली चिठ्ठी मात्र स्वतःजवळ जपून ठेवावी.